चौकटीतली मोजणी

चिलोए बेटाच्या पश्चिम अंगाला
पहाटे पाच दहाला ओहोटी तळाला टेकली.
ओतिलिया वेंचुमान त्याआधीच खडकावर होती,
कमरेला रुंद चामडी पट्टा, हातात वाकडा गज.
मी वाल्दिव्हियाची, कोऱ्या गमबुटांतली,
बगलेत अर्ध्या मीटरची तारेची चौकट.

"एवढ्याशा खिडकीतून समुद्र मोजणार?"
मोजायचा नाही, म्हटलं, यादी करायची. कोण, किती.
तिची यादी तयारच होती:
चावणारे, चिकटणारे, बाजारात जाणारे,
आणि देवाने दिवेलागणीला
दमून, उरल्यासुरल्या मातीचे केलेले.

माझी यादी दारांची.
हे समुद्रफूल बघा, याला दार एकच.
घास तिथूनच आत, उष्टं तिथूनच बाहेर.
"माझ्या सासूचं घर," ती म्हणाली,
"मागचं दार नव्हतं.
रुसून निघालं तरी
सगळ्यांच्या ताटांवरून जावं लागे."

समुद्री साळू तिने चमच्याच्या टोकाने उघडला.
आत पाच केशरी फाका,
बाजारात त्यांना जिभा म्हणतात.
तोंडात दातही पाच, सगळा हिशेब पाचाचा.
"पाच जिभा, आणि चुगली एकाची नाही."
शेजारचा तारामासा सहा हातांचा होता.
पाचाचा नियम मी नुकताच सांगितला होता.
ती काही बोलली नाही,
फक्त त्याला उचलून माझ्या वहीवर ठेवलं.

गोगलगाईचे पोटात पाय, हे जगजाहीर.
पण पिल्लू असतानाच ती स्वतःला पिळून घेते,
आतला संसार अर्धा फेरा फिरतो
आणि मलमार्ग येतो थेट डोक्यावर.
ओतिलिया हसली, हसता हसता
पट्टा दोन्ही हातांनी आवळून खाली बसली.

मग कळलं पट्ट्याचं.
अकरा वर्षांपूर्वी, ऑगस्टात,
नावेने तिला धक्क्याशी दाबलं होतं.
मणक्यात दोन स्क्रू, पाऊस यायच्या आधी बोलतात.
तोवर ती चाळीस हात खोल बुडी मारायची,
कपारीतल्या ऑक्टोपसला नुसत्या हाताने काढायची.
"त्याला मोडायला काही नाहीच," ती म्हणाली,
"लिंबाएवढ्या भोकातून
तीन काळजं घेऊन निसटायचा."
आवाजात हेवा होता, की आठवण,
मला नोंदता आलं नाही.

शेवटी पिउरे. चौकटीचा अर्धा कोपरा त्यांचाच:
दगड म्हणावेत असे ढेकूळ,
करवतीने कापले की आत
लाल, ओला, आयोडीनच्या वासाचा जीव.
मी म्हटलं, इथल्या सगळ्यांत
हाच आपला जवळचा.
लहानपणी शेपटी असते त्याला, पाठीत लवचिक दांडी,
दांडीवर नस, नसेच्या टोकाला इवलासा मेंदू.
पोहतो थोडा वेळ, जागा शोधतो,
डोकं टेकवून खडकाला चिकटतो,
आणि मग शेपटी, दांडी, मेंदूचा बराचसा भाग
आतल्या आत पचवून टाकतो.
पुढे आयुष्यभर एका नळीतून पाणी आत,
दुसरीतून बाहेर.

"निबाल्दो," ती म्हणाली. "माझा भाऊ.
नगरपालिकेत खुर्ची मिळाली त्याला."

आम्ही दोघी हसलो, पण तिचं हसू आधी थांबलं.
तिने अंगठ्याने पिउरेची फट हलकेच दाबली,
पिचकारी उडाली, तिच्या बाहीवर, माझ्या आकड्यांवर.
"पचवतो म्हणतेस.
दुखत असेल का ग, ते पचवताना?"

हे कुठल्याच तासाला कुणी विचारलं नव्हतं.
माहीत नाही, म्हटलं.
ती म्हणाली, "तेही लिही."

पाणी परतू लागलं, आधी आवाज, मग फेस.
मी चौकट उचलणार, तेवढ्यात
तिने आपला एक गमबूट तिच्यात ठेवला.
"मलाही मोज."

ओल्या कागदावर पेन्सिल नीट उठत नव्हती:
बाई, एक. दारं दोन.
डावी उजवी सारखी, डावी जरा दुखरी.
कणा आहे, दुरुस्त केलेला.
खडकाला चिकटलेली
नाही.

तिने वाचून घेतलं माझ्याकडून, दोनदा.
मग गजावर भार टाकून उठली
आणि टोपलीची एक कडी माझ्या हातात दिली.